आधी हद्द, मग निकाल : आपल्या मतदारसंघाचा इतिहास कसा लिहावा

यवतमाळ जिल्ह्यात विधानसभेचे सात मतदारसंघ आहेत आणि या सातांचे खासदार तीन आहेत. यवतमाळ, राळेगाव, दिग्रस व पुसद येथील मतदार वाशीम आणि कारंजा यांच्यासह यवतमाळ-वाशीमचा खासदार निवडतात; वणी आणि आर्णी चंद्रपूर लोकसभेत आहेत; उमरखेडची मते हिंगोलीच्या, म्हणजे मराठवाड्यातील मतदारसंघाच्या बेरजेत धरली जातात. शेजारच्या जिल्ह्यांतही चित्र फारसे वेगळे नाही. बुलडाणा जिल्ह्यातील मलकापूर रावेर लोकसभेत आहे, वाशीम जिल्ह्यातील रिसोड अकोल्यात आहे, गोंदिया जिल्ह्यातील आमगाव गडचिरोली-चिमूरमध्ये आहे आणि अमरावती जिल्ह्यातील धामणगाव रेल्वे व मोर्शी हे दोन्ही वर्ध्यात आहेत. त्यामुळे "आपल्या जिल्ह्याचा निवडणूक इतिहास" लिहायला बसलेला माणूस पहिल्या पानावरच अडतो, कारण जिल्हा आणि मतदारसंघ या दोन वेगवेगळ्या वस्तू आहेत आणि त्यांच्या रेषा क्वचितच जुळतात.

गावातील वाचनालय चालवणारे कार्यकर्ते, शाळेतील शिक्षक आणि स्पर्धा परीक्षेच्या निमित्ताने या विषयाकडे वळलेले विद्यार्थी यांच्यासाठी हे मार्गदर्शन लिहीत आहे. माझे सांगणे थोडक्यात असे आहे की विजयी उमेदवारांची यादी हा मतदारसंघाचा इतिहास नव्हे. आधी प्रत्येक काळाची हद्द लिहावी आणि त्यानंतरच त्या हद्दीखाली त्या काळाचे निकाल मांडावेत. हा क्रम उलटला की चुका होतात, आणि त्या चुका दिसतही नाहीत.

माझीच एक चूक येथे नोंदवतो. काही वर्षांपूर्वी एका स्थानिक दिवाळी अंकासाठी मी दिग्रस मतदारसंघाचा तक्ता केला होता. त्यात २००४ समोर संजय देशमुख (अपक्ष) आणि २००९ समोर संजय राठोड (शिवसेना) अशी नावे लिहून "मतदारांनी कौल बदलला" असे एक वाक्य जोडले होते. नावे बरोबर होती, वाक्य चुकीचे होते. संजय राठोड २००४ साली शेजारच्या दारव्हा मतदारसंघातून निवडून आले होते. २००८ च्या पुनर्रचनेत दारव्हा मतदारसंघच रद्द झाला आणि दारव्हा शहर दिग्रस मतदारसंघात आले. म्हणजे २००९ साली दिग्रसच्या नावाखाली मतदान करणाऱ्यांत असे हजारो लोक होते ज्यांनी २००४ साली दिग्रसच्या उमेदवारांना मत दिलेच नव्हते. ज्यांनी आधी कौल दिलाच नाही, त्यांनी तो बदलला असे कसे म्हणता येईल? अंक छापून झाल्यावर आमच्याच गल्लीतील एक वयस्क काकाजी म्हणाले, "आमी तं पयले दारव्ह्यालेच मत टाकत होतो, तू आमाले दिग्रसमंधी कायले बसवलं?" त्या एका प्रश्नापासून मी हद्दींच्या मागे लागलो.

पद्धत मात्र मला आयर्लंडच्या मतदारसंघांची माहिती वाचताना सापडली. तेथील मतदारसंघांच्या नोंदींत उमेदवारांच्या आधी हद्दींचा तक्ता असतो : कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, कोणत्या कायद्याने, कोणती काउंटी (म्हणजे तेथील जिल्हा) पूर्ण आणि कोणत्या काउंटीचा कोणता भाग. लेट्रिम नावाची एक लहान काउंटी आहे, लोकसंख्या सुमारे ३५,०००. एवढ्या लोकसंख्येला स्वतंत्र मतदारसंघ मिळणे कठीण असल्यामुळे तिला सतत कोणाला तरी जोडावे लागले आहे. १९६९ च्या निवडणुकीत डोनेगल-लेट्रिम, रॉसकॉमन-लेट्रिम आणि स्लायगो-लेट्रिम अशा तीन मतदारसंघांच्या नावांत लेट्रिम होते. डोनेगल-लेट्रिम १९७७ मध्ये संपला, रॉसकॉमन-लेट्रिम १९८१ मध्ये संपला, आणि स्लायगो-लेट्रिम हे नाव १९४८ पासून २००७ पर्यंत टिकले. मात्र नाव टिकले म्हणून जमीन तीच राहिली असे नाही, आणि तक्त्याच्या हद्दीच्या स्तंभात नेमके हेच नोंदलेले असते.

पुढे २००५ च्या कायद्याने ही काउंटी मधोमध कापली गेली. उत्तरेचा भाग स्लायगो-उत्तर लेट्रिममध्ये गेला आणि दक्षिणेचा रॉसकॉमन-दक्षिण लेट्रिममध्ये. दोन्ही मतदारसंघ तीन-तीन जागांचे होते, आणि २००७ साली निवडून आलेल्या सहा सभासदांपैकी एकही लेट्रिम काउंटीतला नव्हता. लोकांनी याचा मोठा सल धरला. २०१६ च्या निवडणुकीपासून काउंटी पुन्हा एकत्र करून स्लायगो-लेट्रिम मतदारसंघ परत आणण्यात आला. उमरखेड किंवा वणीच्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. जिल्हा कार्यालय एका दिशेला आणि खासदार दुसऱ्या दिशेला असला की कोणत्या कामासाठी कोणाच्या दारात जायचे, हा प्रश्न तेथे रोजचा आहे.

आयर्लंडशी तुलना करताना दोन भेद ध्यानात ठेवले पाहिजेत, अन्यथा तेथील आकडे आपल्या तक्त्यात भलताच अर्थ घेऊन येतील. पहिला भेद मतदानाचा. तेथे एका मतदारसंघातून तीन, चार किंवा पाच सभासद निवडले जातात आणि मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो. त्यामुळे तेथील पहिल्या पसंतीची टक्केवारी आपल्याकडील विजयी उमेदवाराच्या टक्केवारीशेजारी ठेवता येत नाही. दुसरा भेद वेळेचा. आयर्लंडच्या राज्यघटनेनुसार दर वीस ते तीस हजार लोकसंख्येमागे एक सभासद असावा लागतो आणि मतदारसंघांची फेरतपासणी किमान दर बारा वर्षांनी करावीच लागते. २०२२ च्या जनगणनेनंतर नव्या निवडणूक आयोगाने २०२३ साली अहवाल दिला आणि २०२४ ची निवडणूक ४३ मतदारसंघ व १७४ सभासद अशा नव्या रचनेवर झाली. आपल्याकडे याच्या उलट, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने जागांची संख्या गोठवली गेली, आणि १९७७ ते २००४ एवढ्या दीर्घ काळात हद्दी हलल्याच नाहीत. तेथे लिहिणाऱ्याची अडचण सारखे बदल होण्याची आहे. आपली अडचण अशी की बदल क्वचित होतात, पण होतात तेव्हा सगळेच हलवून टाकतात, आणि तोवर आधीची रचना आठवणारी माणसे म्हातारी झालेली असतात.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. प्रथम काळाचे खण पाडावेत. विदर्भापुरते बोलायचे तर १९५२ ची निवडणूक हा पहिला खण, १९५७ हा दुसरा, १९६२ हा तिसरा, १९६७ पासून १९७१-७२ पर्यंतचा चौथा, १९७७-७८ पासून २००४ पर्यंतचा पाचवा आणि २००९ पासूनचा सहावा. पहिल्या तीन खणांत केवळ हद्द नव्हे, राज्यही बदलते. १९५२ साली विदर्भ जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. म्हणून वणी किंवा पुसदचा १९५२ चा विधानसभा निकाल महाराष्ट्राच्या अहवालात शोधू नये, तो मध्य प्रदेशाच्या अहवालात मिळेल. १९५७ चा मुंबई राज्याच्या अहवालात मिळेल. महाराष्ट्राच्या नावाने पहिला अहवाल १९६२ चा आहे. अनेक उत्साही संशोधक येथेच "जुनी माहिती उपलब्ध नाही" असे लिहून थांबतात, तसे थांबू नये. शोधताना नावांची जुनी रूपेही वापरावीत, कारण त्या काळच्या इंग्रजी कागदांत यवतमाळचे "येओतमाल" आणि अमरावतीचे "अमराओती" झालेले आहे, आणि चंद्रपूर तर तेव्हा चांदाच होते.

प्रत्येक खणासाठी त्या काळचा परिसीमन आदेश, म्हणजे मतदारसंघांच्या हद्दी ठरवणारा आदेश, मिळवावा. यांपैकी १९७६ आणि २००८ चे आदेश आपल्या कामाचे मुख्य आधार आहेत. आदेशात मतदारसंघाचा विस्तार तहसील, महसूल मंडळ, साझा (एका तलाठ्याकडील गावांचा गट) आणि नगरपालिका अशा घटकांत दिलेला असतो. एखादी तहसील पूर्ण असेल तर काम सोपे असते. "भाग" हा शब्द दिसला की खरी मेहनत सुरू होते, कारण मग कोणती मंडळे आत आणि कोणती बाहेर, आणि एखादे मंडळही फोडलेले असेल तर कोणते साझे आत, हे गावनिहाय उलगडावे लागते. येथे एक गोष्ट विसरू नये : आदेशातील तहसील म्हणजे आदेशाच्या वेळची तहसील. १९८० च्या दशकाच्या आरंभी जुन्या मोठ्या तहसिली फोडून अनेक नव्या झाल्या, त्यामुळे १९७६ च्या आदेशातील तहसिलीचे नाव आजच्या नकाशावर ठेवले तर निम्मी गावे हातून सुटतात. जिल्ह्यांचेही तसेच आहे. गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपूरपासून, वाशीम १९९८ मध्ये अकोल्यापासून आणि गोंदिया १९९९ मध्ये भंडाऱ्यापासून वेगळा झाला, म्हणून त्याआधीच्या मतदारसंघासमोर आजच्या जिल्ह्याचे नाव लिहिणे चूक ठरते.

गावांची यादी त्या त्या दशकाच्या जिल्हा जनगणना पुस्तिकेतून घ्यावी, आजच्या ग्रामपंचायतींच्या यादीतून घेऊ नये. पुस्तिकेत रिठी गावेही असतात. ज्या शिवारात आज एकही घर नाही त्याचेही नाव तेथे सापडते, आणि हद्द आखताना त्याची जमीन मोजावी लागते. अरुणावती, बेंबळा किंवा गोसीखुर्दच्या पाण्याखाली गेलेल्या गावांसमोर मूळ जागा आणि पुनर्वसनाची जागा अशा दोन्ही नोंदी कराव्यात, कारण गाव हलल्यावर त्याचे मंडळ, आणि कधी मतदारसंघही, बदललेला असू शकतो. एकाच नावाची दोन-तीन गावे असणे आपल्याकडे नवलाचे नाही. खुर्द आणि बुद्रुकवर विसंबू नये, अमरावती विभागात साझा क्रमांक आणि नागपूर विभागात पटवारी हलका नंबर, म्हणजे कागदांवर दिसणारा प. ह. नं., प्रत्येक गावासमोर लिहावा. हे क्रमांकही काळानुसार बदलतात, म्हणून कोणत्या सालाच्या कागदावरून घेतला तेही शेजारी टिपावे.

मी हे काम नकाशावर करतो आणि तसेच करण्याचा सल्ला देतो. तहसिलीचा मंडळनिहाय नकाशा टेबलावर चिकटपट्टीने बसवायचा, त्यावर ट्रेसिंग कागद अंथरायचा, १९७६ ची हद्द निळ्या पेन्सिलीने आणि २००८ ची लाल पेन्सिलीने ओढायची. दोन्ही रेषा जेथे एकमेकींवर चढतात तेथे काही करायचे नसते. जेथे निळी आणि लाल यांच्यात पट्टा मोकळा राहतो, त्या पट्ट्यातील गावांची नावे वहीत उतरवून घ्यायची. दिग्रस-दारव्ह्याच्या बाजूचा पट्टा मी पहिल्यांदा असा ओढला तेव्हा निळी रेषा लाल क्षेत्राच्या मधूनच गेलेली दिसली, आणि काकाजींचा प्रश्न कागदावर जसाच्या तसा उमटला. संगणकावर हे अधिक नेटके होते, यात शंका नाही. परंतु पेन्सिलीने ओढताना प्रत्येक गावापाशी हात थांबतो आणि चूक तेथेच सापडते. मला एका कार्यालयात जुना मंडळ नकाशा पाहायला मिळावा म्हणून पाच फेऱ्या माराव्या लागल्या आणि तरीही तो मिळाला नाही. शेवटी जनगणना पुस्तिकेतील तहसिलीच्या नकाशावर भागले. तो मार्ग प्रत्येकाला खुला आहे, म्हणून आधी तोच धरावा.

२००८ च्या आदेशाने काय झाले याचा आवाका एकदा पाहून ठेवावा. २००१ च्या जनगणनेच्या आधारे झालेल्या या पुनर्रचनेत राज्याच्या २८८ आणि लोकसभेच्या ४८ जागा तेवढ्याच राहिल्या, पण विदर्भाच्या विधानसभा जागा ६६ वरून ६२ वर आणि लोकसभा जागा ११ वरून १० वर आल्या. आजच्या क्रमवारीत २१ क्रमांकाच्या मलकापूरपासून ८२ क्रमांकाच्या उमरखेडपर्यंत विदर्भ आहे. जुन्या क्रमवारीतील क्रमांक वेगळे होते, म्हणून क्रमांकावरून जुना व नवा मतदारसंघ कधीही जुळवू नये. दारव्ह्याप्रमाणे केळापूरचे नावही तेव्हा यादीतून गेले. केळापूर तहसिलीचे मुख्य गाव पांढरकवडा आता आर्णी मतदारसंघात आहे. लोकसभेत स्वतंत्र वाशीम संपून यवतमाळ-वाशीम झाला. भावना गवळी १९९९ आणि २००४ साली वाशीममधून, आणि २००९, २०१४ व २०१९ साली यवतमाळ-वाशीममधून निवडून आल्या. त्यांचे पाचही विजय एकाच मतदारसंघाखाली मांडलेले तक्ते सर्रास दिसतात. एका व्यक्तीची कारकीर्द म्हणून ती मांडणी योग्य आहे. मतदारसंघाचा इतिहास म्हणून ती चुकीची आहे, कारण यवतमाळच्या मतदारांनी २००४ साली हरिसिंग राठोड यांना निवडून दिले होते आणि ती ओळ मग कोठेच राहत नाही.

आरक्षणासाठी वेगळा स्तंभ ठेवावा आणि तो कधीही रिकामा सोडू नये. बुलडाणा लोकसभा २००८ पर्यंत अनुसूचित जातींसाठी राखीव होती, त्यानंतर ती खुली झाली आणि अमरावती व रामटेक राखीव झाल्या. आनंदराव अडसूळ १९९६, १९९९ आणि २००४ मध्ये बुलडाण्यातून व २००९ आणि २०१४ मध्ये अमरावतीतून का निवडून आले, याचा उलगडा या एका स्तंभाने होतो. त्याचप्रमाणे ज्या रामटेकने १९८४ आणि १९८९ साली पी. व्ही. नरसिंह राव यांना लोकसभेत पाठवले ते रामटेक आणि आजचे राखीव रामटेक यांचे नाव एक असले तरी उमेदवारीची अटच बदललेली आहे.

१९५२ आणि १९५७ या खणांत द्विसदस्य मतदारसंघ भेटतील. तेथे एकाच मतदारसंघातून एक सर्वसाधारण आणि एक राखीव असे दोन सभासद निवडले जात आणि प्रत्येक मतदाराला दोन मते असत. अशा ठिकाणी मतांची बेरीज मतदान केलेल्या लोकांच्या संख्येपेक्षा मोठी दिसते. ती छपाईची चूक समजून दुरुस्त करू नये, आणि त्या मतांवरून काढलेली टक्केवारी पुढच्या काळाशी जोडू नये. १९६१ च्या कायद्याने ही पद्धत रद्द झाली, म्हणून १९६२ हा वेगळा खण धरावा लागतो. पोटनिवडणुकाही गाळू नयेत. १९५४ ची भंडाऱ्याची लोकसभा पोटनिवडणूक हे सर्वांत मोठे उदाहरण आहे : द्विसदस्य मतदारसंघातील राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते आणि काँग्रेसच्या भाऊराव बोरकर यांच्याकडून पराभूत झाले, तर सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. फक्त १९५२ आणि १९५७ चे निकाल उतरवणाऱ्याच्या तक्त्यात भंडाऱ्याच्या इतिहासातील ही निवडणूक येणारच नाही.

निकालांसाठी निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल पुरेसे आहेत. उमेदवार, पक्ष, मिळालेली मते, एकूण मतदार आणि झालेले मतदान एवढे उतरवावे. अलीकडच्या निवडणुकांसाठी नमुना २० (मतमोजणीचा अधिकृत तक्ता) मिळवता आला तर मतदान केंद्रनिहाय आकडे हाती येतात, आणि त्यांतून एक मोलाचे काम होते : मोकळ्या पट्ट्यातील गावांनी जुन्या मतदारसंघात असताना कसे मतदान केले आणि नव्या मतदारसंघात गेल्यावर कसे केले, हे शेजारी शेजारी ठेवता येते. ज्या निवडणुकांत मतपत्रिका मिसळून मोजल्या गेल्या तेथे हा मार्ग बंद आहे. २००४ च्या लोकसभेपासून सर्वत्र यंत्रे आल्यामुळे तेथून पुढे तो खुला आहे. अशा पुनर्मांडणीला तक्त्यात "अंदाज" असे स्पष्ट लिहावे, अधिकृत निकालाच्या रांगेत ती बसवू नये.

एक गोष्ट आदेशांत मिळत नाही, ती म्हणजे कारण. आयर्लंडमधील आयोगाच्या अहवालात एखादा भाग का हलवला याचा खुलासा असतो. आपल्या आदेशात फक्त यादी असते. म्हणून त्या काळची वर्तमानपत्रे चाळावीत आणि माणसांशी बोलावे, परंतु आठवणीतले साल कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय तक्त्यात घेऊ नये. लोकांना मतदान केंद्र, उमेदवाराची सभा आणि चिन्ह अचूक आठवते, साल मात्र सहसा इकडेतिकडे होते. "आणीबाणी उठल्यावरची निवडणूक" किंवा "धरणाचे पाणी आले त्या वर्षीची" अशा खुणा विचाराव्यात.

हे काम आताच हाती घ्यावे असा माझा आग्रह आहे. २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीनुसार जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत गोठलेली आहे. त्यानंतर पुन्हा रेषा हलतील. तोवर सध्याच्या हद्दीची गावनिहाय यादी तयार असली तर पुढचा बदल नेमका कोठे झाला हे पहिल्याच आठवड्यात सांगता येईल. यादी तयार झाली की तिची एक प्रत ग्रामपंचायतीच्या वाचनालयात ठेवावी आणि एकदा पारावर सर्वांसमोर मोठ्याने वाचावी. मी वाचली तेव्हा पहिल्याच पानावर दोन रिठी गावे चुकीच्या मंडळात निघाली. ती दाखवणाऱ्या आजोबांची तेथे पूर्वी गुरे चरत असत. त्या दोन नावांसमोर आता दुरुस्तीची तारीख लिहिलेली आहे, आणि काकाजींचे गाव दारव्ह्याच्या खणात, २००४ पर्यंतच्या ओळीत, त्याच्या जागी आहे.